वळताना येणारी टक-टक: चाक मोजतंय की स्टिअरिंग?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, मॅन्युअल गिअरची, ९०,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर काढताना पुढून टक-टक-टक आवाज येतो. सरळ रस्त्याला काही नाही. एका मेकॅनिकने दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणारे दांडे) बदलायला सांगितले, दुसरा म्हणाला टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) गेलाय. यातलं खरं कोणाचं, आणि तोवर गाडी चालवू का, एवढंच तुम्हाला हवंय.

पहिल्याचा अंदाज खरा निघण्याची शक्यता जास्त वाटते. पण 'दोन्ही बदला' ऐकलं की मी सावध होतो. शाफ्टच्या टोकांचे सांधे, म्हणजे जॉइंट, जोडीने जात नाहीत. एका बाजूच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतं, तिथलं ग्रीस उडून जातं, तिथला जॉइंट खराब होतो. दुसऱ्या बाजूचा त्याच गाडीखाली पुढे कितीतरी वर्षं धडधाकट राहू शकतो. दोन्ही बदलल्यावर आवाज जाण्याची शक्यता साहजिकच वाढते, म्हणून असं सांगणाऱ्याला कोणती बाजू हे शोधायची गरजच पडत नाही. खर्च मात्र तुमचा दुप्पट होतो.

पुढचं वाचण्याआधी एक काम करून या. चाकाचा पान्हा घ्या आणि चारही चाकांचे नट घट्ट आहेत का बघा. अलीकडे पंक्चरसाठी, टायर बदलायला किंवा ब्रेकच्या कामाला चाक काढलं असेल तर हे आधी. सैल नटांचा आवाजही टक-टकच असतो, तोही वळताना वाढतो, आणि त्याचा शेवट चाक निखळण्यात होऊ शकतो. मी आवाजाची गाडी हातात घेतली की चावी लावण्याआधी पान्हा लावतो. नट घट्ट असतील तर टायरच्या खाचांत खडा किंवा खिळा अडकलाय का आणि प्लास्टिकचं व्हील कव्हर हलतंय का तेही बघून घ्या. यात पाच मिनिटं जातात आणि कधीकधी प्रश्न तिथेच संपतो.

नाही संपला, तर आता मुद्द्यावर येऊ. लोक विचारतात, 'टक-टक म्हणजे कोणता पार्ट?' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण गाडीच्या पुढच्या भागात टक-टक करू शकणाऱ्या अर्धा डझन तरी वस्तू आहेत. आवाजाच्या नावापेक्षा मी त्याचा ताल बघतो. चाक फिरतं तसा तो येतो, की स्टिअरिंग फिरतं तसा? म्हणजे तो चाकाच्या फेऱ्या मोजतोय की स्टिअरिंगच्या? एवढं पक्कं झालं की निम्मे संशयित बाजूला होतात, आणि त्यासाठी गाडी वर उचलावी लागत नाही.

आधी गाडी उभी ठेवून बघा. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आता चाक वळतंय पण गोल फिरत नाहीये. आवाज आला, तर शाफ्टच्या सांध्यावरचा, म्हणजे सीव्ही जॉइंटवरचा, संशय बराच कमी होतो आणि बाकीच्यांकडे बघावं लागतं. स्प्रिंग दाबून एकदम सुटल्यासारखा 'टण्ण' आवाज आला, तर बहुतेक वेळा स्ट्रटच्या (चाकावरच्या स्प्रिंग आणि शॉकअपच्या खांबाच्या) वरच्या टोकाचं बेअरिंग जाम झालेलं असतं. चाकाबरोबर स्प्रिंग सहज वळायला हवी, ती अडते, पीळ साठवते आणि झटक्यात सोडते. बॉनेट उघडून त्या टोकावर तळहात ठेवा आणि दुसऱ्या कोणाला स्टिअरिंग फिरवायला सांगा. दोष तिथे असेल तर झटका हाताला कळतो. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बोटं मात्र घालू नका. आवाज डॅशबोर्डच्या बाजूने, हातापाशी येत असेल, तर स्टिअरिंगच्या आतली एअरबॅगची गुंडाळीची पट्टी किंवा कॉलमचा सांधा बघावा लागतो. त्याचा चाकाशी संबंध नाही.

तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचा टाय रॉड एंड इथेच तपासता येतो. एकाने स्टिअरिंग चार बोटं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडच्या सांध्याला हात लावून ठेवायचा. सांधा झिजला असेल तर त्याचा एक भाग हलतो आणि दुसरा थोडा उशिरा हलतो, मधली ती 'टक' बोटांना लागते. मग चाक वर उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. तिथे प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर टाय रॉडकडे किंवा स्टिअरिंग रॅककडे बोट जातं. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवल्यावर प्ले असेल तर खालचा बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. टाय रॉड एंड गेलेला असेल तर तो बदलायलाच हवा, त्यात चालढकल नको. पण तो चाकाच्या फेरीबरोबर टक-टक-टक असा नियमित ताल धरत नाही. खड्ड्यात, ब्रेक लावताना किंवा स्टिअरिंगची दिशा बदलताना एखादी 'टक' देतो. तुम्ही सांगितलेली ओळीने येणारी टक-टक त्याच्या स्वभावाला जुळत नाही.

आता चालत्या गाडीची चाचणी. मोकळं मैदान किंवा रिकामी पार्किंगची जागा हवी, माणसं आणि मुलं नसलेली. खिडक्या खाली, रेडिओ आणि पंखा बंद. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवा, मग टोकावर ताण राहू नये म्हणून किंचित मागे आणा, आणि पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने गोल फिरा. मग उजवीकडे. मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडे. प्रत्येक वेळी दोन गोष्टी ऐका. वेग वाढला की टक-टक जवळजवळ येते का? आणि गोल फिरता फिरता ॲक्सिलरेटर दिल्यावर ती वाढते आणि पाय उचलल्यावर कमी होते का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा सांधा, जवळजवळ नक्की.

कान थोडा अंदाजात बसावा म्हणून हिशेब देतो. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत १.९ मीटरच्या आसपास जातं. ताशी १० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सुमारे दीड फेरी मारतं. आवाजही तेवढाच, किंवा त्याच्या पटीत येत असेल, तर तो चाक मोजतोय. खात्री करायची तर टायरला खडूची जाड रेघ ओढा आणि कोणाला तरी सुरक्षित अंतरावर उभं करून दर फेरीला किती टक येतात ते मोजायला सांगा. मी अजूनही हे करतो. नवी पोरं हसतात, पण काम होतं.

जॉइंट असा आवाज का करतो हे कळलं तर पुढचं निदान सोपं जातं. बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या असतात. आतली वाटी आणि बाहेरची वाटी, दोन्हींत कोरलेल्या खाचा, आणि गोळ्यांना एका पातळीत धरून ठेवणारा पिंजरा. ही रचना १९२० च्या दशकात फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याची. १९५९ च्या मिनीपासून छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना ड्राइव्ह देणं रुळलं, त्यामागे हाच सांधा होता. चाक सरळ असताना गोळ्या खाचेत जवळपास एकाच जागी बसून फिरतात. चाक वळलं की प्रत्येक गोळी दर फेरीला खाचेत एकदा पुढे जाते आणि एकदा मागे येते. आता गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळच चालते, त्यामुळे खाच झिजते ती त्या सरळ जागेपाशी. तिथे बारीक खळगा पडतो. वळणावर गोळीला त्या खळग्याच्या काठावरून चढून जावं लागतं आणि ती ताणाखाली ठोका देते. म्हणून सरळ शांत आणि वळताना टक-टक. म्हणूनच ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो: ताण वाढला, ठोका मोठा झाला.

आता बाजू कोणती? सगळे सांगतात तो ठोकताळा असा: डावीकडे वळताना आवाज तर उजवा जॉइंट, उजवीकडे वळताना तर डावा. वळणात बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो, हे त्यामागचं कारण. ठोकताळा बरा आहे. मीही तिथूनच सुरुवात करतो. पण त्याच्या भरवशावर शाफ्ट बाहेर काढत नाही, कारण एकदा तोंडघशी पडलोय. गाडी डावीकडे वळताना वाजायची, मालकही उजव्या बाजूने आवाज येतो म्हणत होता, मला स्वतःलाही उजवीकडूनच ऐकू येत होता. उजवा जॉइंट बदलला. गाडी फिरवली तर टक-टक जशीच्या तशी. डाव्याचा बूट आतल्या बाजूने, चाक सरळ असताना दिसणारच नाही अशा घडीत चिरलेला होता. लोखंडी सांगाड्यातून आवाज इकडून तिकडे सहज जातो आणि कान फसतो. त्या दिवशी काढलेला जुना जॉइंट धुऊन बघितला तर आरशासारखा स्वच्छ. मालकाला दुसऱ्या बाजूच्या कामाची मजुरी लावली नाही, लावणार तरी कोणत्या तोंडाने.

म्हणून डोळ्यांनी बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून, इंजिन बंद करून, चाकामागे टॉर्च मारा. बुटाची प्रत्येक घडी बोटाने उघडून बघा, मग स्टिअरिंग उलट टोकाला नेऊन दुसरी बाजू. चाकाच्या आतल्या अंगाला, स्ट्रटवर किंवा ब्रेक कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल फवारल्यासारखे दिसले, तर बूट फाटलाय आणि बाजू सापडली. मग शाफ्ट बाहेरच्या जॉइंटच्या जवळ धरून वर-खाली ढकला. इथे हाताला प्ले जाणवायला नको. आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं मात्र वेगळं आहे. चाक खड्ड्यातून वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते, म्हणून तो सांधा आत-बाहेर सरकतो. ते सरकणं म्हणजे बिघाड नव्हे. शाफ्ट धरून फिरवल्यावर थोडी ढिलाई लागते तीही बऱ्याचदा डिफरन्शियलच्या, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या, दात्यांची असते. हे दोन प्ले 'बघा साहेब, केवढा हलतोय' म्हणून दाखवून चांगले शाफ्ट बदलल्याचं मी पाहिलंय.

एक गोष्ट करू नका: गाडी जॅकवर चढवून, गिअरमध्ये टाकून चाकं फिरवत आवाज शोधणं. धोका तर आहेच, पण चाक लटकलेलं असताना शाफ्टचा कोन नेहमीपेक्षा जास्त होतो आणि धडधाकट जॉइंटही कुरकुरू शकतो. त्यातून खोटंच उत्तर हाती येतं.

काही आवाज या चित्रात बसणार नाहीत. पुढे जाऊन रिव्हर्स टाकला की एकदाच 'टक', मग शांत: ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकतात, किंवा हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट सैल असतो आणि शाफ्टचे दाते सरकतात. दुसरी शक्यता लगेच बघा. सतत घूं-घूं असा आवाज, जो एका बाजूला वळताना वाढतो आणि दुसरीकडे कमी होतो, तो व्हील बेअरिंगचा. वेग घेताना सरळ रस्त्यालाच गाडी थरथरते पण टक-टक नाही, तर आतला जॉइंट. ड्राइव्ह मागच्या चाकांना असेल तर पुढे ड्राइव्हचा जॉइंट नसतोच, मग शोध वेगळा. आणि वळणाला एकदाच 'ठक', ज्याला चाकाचा ताल नाही की स्टिअरिंगचा, त्यासाठी आधी डिकी रिकामी करा. एका गाडीचा अख्खा लोअर आर्म तपासून झाल्यावर मला स्टेपनीच्या खड्ड्यात जॅकचा दांडा सुटा लोळताना सापडला होता.

समजा बाहेरचा जॉइंटच निघाला. मग काय बदलायचं, हे त्याच्या अवस्थेवर आहे. बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशा वेळी जॉइंट काढून, सगळं जुनं ग्रीस धुऊन, खाचा आणि गोळ्या उजेडात बघायच्या. खळगे नसतील तर नवा बूट, नवे क्लॅम्प आणि किटमध्ये आलेलं ग्रीस सगळंच्या सगळं भरायचं. हे ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं, जॉइंटसाठीचंच हवं. डब्यातलं कुठलंही ग्रीस चालत नाही. पण एकदा टक-टक सुरू झाली की नुसता बूट आणि ग्रीस म्हणजे फाटक्या छपराखाली बादली ठेवणं. आवाज काही दिवस दबतो, खळगे बुजत नाहीत. गाडी विकायच्या बेतात असणारे हे करून घेतात, मी ते काम घेत नाही.

जॉइंट किट की पूर्ण शाफ्ट? आतला जॉइंट आणि त्याचा बूट चांगला असेल तर मला चांगल्या प्रतीचं बाहेरच्या जॉइंटचं किट बरं वाटतं, कारण गाडीबरोबर आलेला मूळ शाफ्ट सहसा स्वस्त बदली शाफ्टपेक्षा सरस असतो. पण मजुरीचे तास महाग असतील, आतला बूटही तडकलेला असेल, किंवा तुमच्या गाडीला जॉइंट सुटा मिळतच नसेल, तर पूर्ण शाफ्ट घेणं शहाणपणाचं. चाकात एबीएसची दातेरी रिंग जॉइंटवर असेल तर नव्यावर तीच रिंग, तितक्याच दात्यांची आहे का हे बसवण्याआधी मोजा. नाहीतर टक-टक जाईल आणि डॅशबोर्डवर दिवा लागेल.

काम तुम्ही स्वतः कराल की नाही माहीत नाही, पण समोर उभं राहून बघणार असाल तर चुका कुठे होतात ते सांगतो. हबचा मोठा नट खूप घट्ट असतो, अनेक लहान गाड्यांना २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा जास्त. तो गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून धरून फक्त हलका करायचा, मग गाडी उचलून स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही. नट सैल असताना चाकावर भार देऊन गाडी ढकलली तर बेअरिंग खराब होऊ शकतं. बाहेर काढताना शाफ्टच्या टोकावर थेट घण मारला की आटे चपटे होतात. नट उलटा लावून किंवा पुलरने ढकलायचं. चाकाकडची बाजू मोकळी झाल्यावर शाफ्ट लोंबकळत ठेवला तर आतला सांधा निसटतो, त्याला तारेने बांधून ठेवावं. गिअरबॉक्समधून शाफ्ट पूर्ण काढला तर तेल येणार, मग ऑइल सील बघा, आणि बसवून झाल्यावर तेलाची पातळीही. शाफ्ट आत गेल्यावर सर्क्लिप (त्याला जागेवर धरणारी कडी) 'टक' करून बसली का, हे बाहेरच्या बाजूला हलका ओढून तपासा. ही एक टक मात्र ऐकू यायलाच हवी. नट नवीन घ्या आणि टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यानेच आवळा.

नकल (हब धरून ठेवणारा भाग) सोडवण्यासाठी खालचा बॉल जॉइंट मोकळा केला तर सहसा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, हलत नाही. स्ट्रटचे दोन बोल्ट सोडले तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलू शकतो, मग अलाइनमेंट करून घ्यावी लागते. मेकॅनिक कुठून सोडवणार ते आधी विचारा.

तोवर चालवायची का? आवाज फक्त पूर्ण वळणाला, मंद वेगात येत असेल, तर असे जॉइंट बरेचदा आठवडे-महिने ओढतात. तारीख सांगून मोडत नाहीत, म्हणून लांबचा प्रवास टाळा, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना जोरात ॲक्सिलरेटर देऊ नका आणि दुरुस्तीची वेळ ठरवून टाका. हाच आवाज हलक्या वळणाला किंवा सरळ रस्त्याला येऊ लागला, किंवा गाडीला झटके बसू लागले, तर गाडी उभी करा. जॉइंट तुटला की इंजिन चालू, गिअर पडलेला, तरी गाडी जागची हलत नाही, कारण डिफरन्शियल सगळी ताकद तुटलेल्या बाजूला वाया घालवतं. त्याच कारणाने गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर थांबत नाही, ऑटोमॅटिकचा 'पी'सुद्धा धरत नाही. तेव्हा जॉइंट बदलेपर्यंत उतारावर लावताना हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाला दगड लावा.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच मैदानात त्याच गोल फेऱ्या मारा, डावी-उजवी, पुढे-मागे. काढलेला जॉइंट मागून घ्या, पुसून खाचा बघा, बोटाने खळगा लागला पाहिजे. आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा आवळा.